दहा वर्षे टिकणारी बाग: मुंबईत उद्यानाचा आराखडा आणि पैसा कसा उभा करायचा

मुंबईत एखादी बाग सुधारायची म्हटली की पहिली मागणी होते ती झोपाळ्यांची, ओपन जिमची आणि रंगीत दिव्यांची. या गोष्टी वर्षभरात मंजूर होतात आणि तीन-चार पावसाळ्यांत त्यांचे नुसते सांगाडे उरतात. पैसा वस्तूंसाठी मागितलेला असतो. बाग पुढे कोण चालवणार, कशावर चालवणार, हे कागदावर कुठेच नसते. रहिवासी संघ, एएलएम (पालिकेकडे नोंदलेले वस्तीपातळीवरचे नागरिक गट), गृहनिर्माण सोसायट्या आणि नगरसेवकांच्या कार्यालयांत काम करणाऱ्यांना दहा वर्षांचा प्रस्ताव कसा बांधावा आणि तो पालिकेच्या अर्थसंकल्पात कसा बसवावा, हे समजावे म्हणून हे टिपण.

आधी जागेचे कागद

ज्या जागेला आपण पिढ्यान्‌पिढ्या बाग म्हणतो ती कागदोपत्री बाग असेलच असे नाही. म्हणून कामाची सुरुवात नकाशापासून करा. मुंबई शहरात जमिनीला सी.एस. क्रमांक असतो, उपनगरात सी.टी.एस. क्रमांक. तो क्रमांक शोधा, नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा आणि पालिकेच्या विकास नियोजन खात्याकडून त्या भूखंडाचा डी.पी. रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या भूखंडावर काय दाखवले आहे याचा दाखला, घ्या. या दोन कागदांतून तीन गोष्टी कळतात: मालक कोण, विकास आराखडा २०३४ मध्ये जागा कशासाठी दाखवली आहे, आणि भूखंडातून रस्ता किंवा रस्तारुंदीची रेषा जाते का.

मालक महापालिका असेल तर वाट सरळ आहे. पण राज्य सरकार, म्हाडा, मुंबई बंदर प्राधिकरण किंवा खाजगी विश्वस्त असेल, तर पालिकेचा उद्यान विभाग तिथे परस्पर भांडवली खर्च करू शकत नाही. ओव्हल मैदान आणि क्रॉस मैदान या राज्य सरकारच्या जागा आहेत, शिवाजी पार्क पालिकेकडे आहे; तिन्ही मोकळ्या, तिन्ही हिरव्या, पण अर्ज वेगवेगळ्या दारी जातो. मालकाचे ना-हरकत पत्र नसताना तयार केलेला खर्चाचा अंदाज लेखा खात्यात अडकतो आणि तोवर वर्ष निघून जाते.

आराखड्यात ‘मैदान’ आणि ‘उद्यान’ हे वेगळे वापर आहेत. आराखड्यात मैदानासाठी राखून ठेवलेल्या, म्हणजे आरक्षित, जागेवर हिरवळ, कारंजे आणि वळणदार पाऊलवाटा टाकल्या की खेळणारी मुले तर जातातच, शिवाय वापर बदलल्याची हरकतही येते. वापर खरोखर बदलायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल करावा लागतो. त्यासाठी लोकांकडून हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि शेवटची मंजुरी राज्य सरकारची असते. शक्यतो या वाटेला जाऊ नका. मैदान मैदानच ठेवा. कडेने सावली, बसायला कट्टे आणि प्यायला पाणी एवढे केले तरी पुरते.

आरक्षण आहे पण जागा अजून खाजगी मालकाकडे आहे, असे असेल तर तारखेवर डोळा ठेवा. विकास आराखडा १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा ताब्यात आली नाही आणि त्यानंतर मालकाने नोटीस दिली, तर नोटिशीपासून २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलावी लागतात. नाहीतर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. म्हणजे या आराखड्यात प्रथमच आलेल्या आरक्षणांची मुदत सप्टेंबर २०२८ मध्ये भरते. तुमच्या प्रभागातील अशा भूखंडांची यादी आजच करून वॉर्ड ऑफिसात आणि विकास नियोजन खात्यात देऊन ठेवा. एकदा व्यपगत झालेली मोकळी जागा मुंबईत पुन्हा मिळत नाही. संपादन रोख पैशांनीच होते असेही नाही. कलम १२६ खाली टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा चटईक्षेत्र (जादा बांधकामाची मुभा) देऊनही जागा ताब्यात घेता येते, आणि मुंबईतल्या जमिनीचे भाव पाहता तीच वाट बहुधा परवडते.

बागेचा पंचनामा

मागण्यांची यादी करण्याआधी जागेची नीट पाहणी हवी, आणि ती दोनदा: एकदा जुलैच्या भर पावसात, एकदा एप्रिल-मेमध्ये. पावसात पाणी कुठे तुंबते, किती वेळ राहते, कोणत्या गटारात जाते ते पाहा. उन्हाळ्यात सावली कुठे आहे, नळाला दाब किती आहे, माळी पाणी कुठून आणतो ते पाहा. फक्त डिसेंबरात पाहणी करून बनवलेला आराखडा सुंदर दिसतो, पण या दोन्ही ऋतूंत तो उघडा पडतो.

पाहणीच्या कागदावर निदान एवढे हवे: भूखंडाचे क्षेत्रफळ, हिरवळ, फरशी आणि माती यांचे चौरस मीटर, प्रत्येक झाडाची जात आणि खोडाचा घेर, पाण्याचा स्रोत, विजेचे मीटर कोणाच्या नावावर आहे, कुंपणाची लांबी, शौचालय चालू आहे की बंद, आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी कोण येते. शेवटची नोंद लोक टाळतात, पण आराखडा तिच्यावरच ठरतो. दुपारी डबा खायला आणि पाठ टेकायला येणारे डिलिव्हरीवाले, घरकाम करणाऱ्या बायका, क्लास सुटल्यावर येणारी मुले सूचनांच्या बैठकीला येत नाहीत. त्यांच्यासाठी बागेतच अर्धा तास उभे राहून विचारावे लागते. मग दुपारी १२ ते ३ फाटक बंद ठेवावे का, याचे उत्तर आपोआप मिळते.

पाण्याचा हिशेब

बागेच्या प्रस्तावात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पाण्याकडे, म्हणून इथे जरा थांबू.

समजा बाग ४,००० चौरस मीटरची आहे आणि त्यातली १,५०० चौरस मीटर हिरवळ आहे. कोरड्या महिन्यांत हिरवळीला दिवसाला दर चौरस मीटरमागे साधारण ५ लिटर पाणी धरा. रोजचे झाले ७,५०० लिटर. ऑक्टोबर ते मे असे २४० दिवस धरले तर १८ लाख लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे १८० टँकर. आता आकाशातून काय मिळते ते पाहा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुंबईत २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, तेव्हा याच बागेवर ८० लाख लिटर पाणी पडते. गरजेच्या चौपट, पण ते पडते तेव्हा बागेला नको असते.

म्हणून ‘५० हजार लिटरची टाकी बसवा’ ही मागणी ऐकायला बरी वाटली तरी ते पाणी या हिरवळीला सात दिवसही पुरत नाही. उपयोग होतो तो तीन गोष्टी एकत्र केल्यावर. पहिली, हिरवळ कमी करा. १,५०० चौरस मीटरची ५०० केली की रोजची गरज अडीच हजारांवर येते. उरलेल्या जागेत झाडांची सावली, झुडपे आणि पालापाचोळ्याने झाकलेली माती. दुसरी, जुनी विहीर असेल तर ती उपसून, गाळ काढून वापरात आणा. नसेल तर जमिनीची तपासणी करून रिंगवेलचा, म्हणजे काँक्रीटच्या कड्या बसवलेल्या उथळ विहिरीचा, विचार करा. किनाऱ्याजवळ कूपनलिकेला खारे पाणी लागण्याचा धोका असतो, म्हणून पाण्याची चाचणी केल्याशिवाय पंपाचे पैसे मागू नका. तिसरी, शोषखड्डे आणि सच्छिद्र पाइप टाकून पावसाचे पाणी जमिनीत मुरवा. १०० ते १५० मिलिमीटर व्यासाचा सच्छिद्र पाइप, भोवती खडी, खडीभोवती जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड. पैसे वाचवायला हे कापड गाळले की दोन पावसाळ्यांत खडीत माती बसते आणि पाइप मेला म्हणून समजा.

पाण्यापायी दुसऱ्या खात्याचा पैसाही बागेत येऊ शकतो. हिंदमाता परिसर तुंबू नये म्हणून दादरच्या प्रमोद महाजन कलापार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्या बांधल्या गेल्या. ते काम पूरनियंत्रणाचे होते, उद्यानाचे नव्हे. तुमची बाग सखल भागात असेल तर पर्जन्य जलवाहिन्या खात्याला आराखड्यात सुरुवातीपासून घ्या. मात्र खोदकामानंतर माती, झाडे आणि वाटा पूर्ववत करण्याचा खर्च त्याच कंत्राटात लिहून घ्या, नाहीतर टाकी एका खात्याची आणि उघडा पडलेला मुरूम दुसऱ्या खात्याचा, अशी गत होते.

झाडे आणि परवानग्या

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ पालिकेच्या स्वतःच्या बागेलाही लागू आहे. झाड तोडायचे किंवा हलवायचे तर वृक्ष प्राधिकरणाची प्रक्रिया चुकत नाही. आराखडाच झाडांभोवती फिरवणे स्वस्त पडते. मलबार हिलवर फिरोजशहा मेहता उद्यानाखालच्या जुन्या जलाशयाची पुनर्बांधणी ठरली तेव्हा ३८९ झाडांचा प्रश्न उभा राहिला, रहिवाशांनी विरोध केला, तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि पुनर्बांधणीऐवजी दुरुस्तीचा मार्ग पुढे आला. झाडांची मोजणी काम ठरल्यावर केली की काय होते, ते यातून दिसते.

खोडाभोवती निदान एक मीटर उघडी माती ठेवा. कट्टा बांधायचाच तर मुळांवर काँक्रीट ओतू नका. नवी झाडे लावायची तर बहावा, ताम्हण, बकुळ, करंज, कदंब आहेत. किनाऱ्याला उंडी उत्तम. गुलमोहर डोळ्यांना सुखावतो, पण वादळी पावसात त्याच्या फांद्या पटकन मोडतात, म्हणून खेळाच्या जागेजवळ तो नको. खड्डा एक मीटर लांब, रुंद, खोल, लागवड जून-जुलैत. मार्चमध्ये निधी संपवायला लावलेली रोपे मे बघत नाहीत.

जागा वारसा यादीत किंवा वारसा परिसरात असेल तर मुंबई वारसा जतन समिती, आणि सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, असेल तर सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. या परवानग्या निविदेनंतर मागितल्या की कंत्राटदाराची मुदत बसून संपते, आणि तो दरवाढ मागतो.

पैसा कुठून

मुख्य स्रोत महापालिकेचा अर्थसंकल्प. त्यात भांडवली आणि महसुली असे दोन कप्पे आहेत. भिंत, वाट, पंप, खेळणी हा भांडवली खर्च. माळी, खत, पाणी, वीज, सुरक्षारक्षक, दुरुस्ती हा महसुली. भांडवली कामाला फीत कापता येते, म्हणून ते लवकर मंजूर होते. महसुली तरतूद वाढवून घेणे कठीण, आणि बाग मरते ती तिथेच. तेव्हा एकाच प्रस्तावात दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा: हे काम झाले तर पुढे दर वर्षी देखभालीला इतके रुपये लागतील, त्यातले इतके आज मिळतात, इतके कमी पडतात.

वेळापत्रक अर्थसंकल्पाला बांधलेले आहे. आयुक्त तो ५ फेब्रुवारीपर्यंत मांडतात आणि आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. जानेवारीत पत्र देणाऱ्याला उशीर झालेला असतो. पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये उरका आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रस्ताव वॉर्डाचे सहायक आयुक्त आणि उद्यान अधीक्षक या दोघांनाही पोच घेऊन द्या. नोव्हेंबरात तो कोणत्या अर्थसंकल्पीय शीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्याखाली, गेला ते विचारा, शीर्षाचा क्रमांक लिहून घ्या. फेब्रुवारीत छापील अर्थसंकल्पात तोच क्रमांक शोधा. ‘उद्यानांचा विकास’ अशा ढोबळ शीर्षात बागेचे नाव नसेल तर पैसा तुमच्यासाठी आहे असे धरू नका. उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज आहेच. माहिती देण्याची मुदत ३० दिवस.

दुसरे स्रोत असे: आमदार निधी आणि खासदार निधी, दोन्ही वर्षाला ५ कोटी रुपये, नगरसेवकांचा निधी, जिल्हा नियोजन समिती, जी शहर आणि उपनगर जिल्ह्यांसाठी वेगळी आहे. या निधींतून वस्तू उभी राहते, माळ्याचा पगार निघत नाही. शिवाय काम अनेकदा पालिकेबाहेरच्या यंत्रणेकडून होते, आणि पूर्ण झाल्यावर उद्यान विभागाच्या मालमत्ता नोंदीत ते चढतच नाही. मग ओपन जिमचा बोल्ट निघाला तरी दुरुस्त करायला कोणाकडेच शीर्ष नसते. म्हणून निधी स्वीकारतानाच हस्तांतरणाचे पत्र, हमीचे कागद आणि सुट्या भागांची यादी मागा.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी मिळतो, पण तो अटी नीट लिहून घ्या. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ ज्यांना लागू होते त्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात, आणि पर्यावरणाची कामे त्यात बसतात. करारात प्रवेश सर्वांना विनामूल्य, फाटकाच्या वेळा पालिका ठरवणार, फलकाचा आकार ठरलेला, कोणतेही बांधकाम परवानगीशिवाय नाही, आणि कंपनीने मध्येच हात काढून घेतला तर सहा महिने आधी सूचना, एवढी कलमे हवीतच. मोकळ्या जागा दत्तक देण्याचे धोरण २०१६ मध्ये मंजूर झाल्यावर मुंबईकरांच्या विरोधामुळे थांबवावे लागले, आणि २०२३ च्या मसुद्यालाही विरोध झाला. लोकांची भीती रास्त होती: देखभालीच्या नावाखाली जागेवर कुंपण आणि हक्क बसतो. करार छोट्या मुदतीचा, कामाच्या तपासणीवर नूतनीकरण होणारा असावा.

अंदाज कसा वाचायचा

कनिष्ठ अभियंता पालिकेच्या दरसूचीवरून, म्हणजे कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीवरून, खर्चाचा अंदाज बनवतो. दरसूचीत नसलेल्या वस्तूंना, उदाहरणार्थ खेळण्यांना, बाजारातील कोटेशने लागतात आणि फुगवटा बहुधा तिथेच असतो. एक नमुना घेऊ. मूळ काम १ कोटी २० लाख. ५ टक्के आकस्मिक खर्च ६ लाख. झाले १ कोटी २६ लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी २२ लाख ६८ हजार. एकूण १ कोटी ४८ लाख ६८ हजार. तरतूद १ कोटी २० लाखांची मागितली असेल तर काम अर्ध्यात थांबणार, आणि कात्री लागते ती नेहमी शेवटच्या बाबीला, म्हणजे लागवडीला.

त्याच्या जोडीला बदलीचा हिशेब हवा. समजा खेळणी २० लाखांची आणि आयुष्य ८ वर्षे: वर्षाला अडीच लाख. रबराची फरशी साडेसात लाखांची, ६ वर्षे: सव्वा लाख. पंप आणि पाण्याच्या वाहिन्या ६ लाख, ८ वर्षे: पाऊण लाख. दिवे ८ लाख, ८ वर्षे: १ लाख. वर्षाला साडेपाच लाख रुपये नुसत्या बदलीसाठी. हा आकडा पाहिल्यावर रबरी फरशीचे क्षेत्र आपोआप कमी होते. ती झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या पायथ्याशीच हवी, सगळ्या आवारात नको. उतार न देता टाकली तर खाली पाणी राहून ती पापुद्र्यासारखी उचलते.

दर फार खाली जाऊन घेतलेल्या निविदा हा आणखी एक धोका. काम २५-३० टक्के कमी दराने घेणारा कंत्राटदार पैसे जमिनीखालून वसूल करतो. वाटेच्या पायात १५० मिलिमीटर खडी लिहिलेली असते, पडते ७०. वरून पेव्हर ब्लॉक सरळ दिसतात, पहिल्या पावसात खचतात. म्हणून झाकली जाणारी प्रत्येक बाब झाकण्याआधी मोजा: खोदाईची खोली, खडीची जाडी, पाइपचा उतार, मातीचा थर. हिरवळीला ३०० मिलिमीटर आणि झुडपांना ४५० ते ६०० मिलिमीटर चांगली माती हवी. राडारोड्यावर चार बोटे लाल माती पसरली तर वर्षभरात पिवळे चट्टे पडतात. टेप शेजारी धरून तारखेचे फोटो काढा आणि अभियंत्याच्या मोजमाप पुस्तिकेतील नोंदीशी ताडून पाहा.

कामांचा क्रम

पहिल्या वर्षी निचरा, पाणी, जमिनीखालच्या वाहिन्या. दुसऱ्या वर्षी कुंपण, शौचालय, दिवे आणि मोठ्या झाडांची लागवड, म्हणजे पुढची कामे चालू असताना झाडे वाढतात. तिसऱ्या वर्षी वाटा, खेळ, कट्टे. चौथ्यापासून फक्त देखभाल, आणि आठव्या वर्षाच्या आसपास पहिली मोठी बदली. उलट क्रमाने गेलात तर नवी वाट पाइपसाठी फोडावी लागेल.

वाटेची रुंदी १.८ मीटर ठेवा, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडतात. आडवा उतार ५० ला १, रॅम्प १२ ला १ पेक्षा चढा नको. फाटकात मोटरसायकल अडवायला लोखंडी फिरते दार लावतात आणि त्यात व्हीलचेअर व बाबागाडी अडकते. बाजूला ९०० मिलिमीटरची मोकळी वाट नकाशातच दाखवा.

लागवड सोडून बाकीचे काम ऑक्टोबरात सुरू होऊन मेअखेर संपेल असा कार्यादेश हवा. दोषदायित्वाच्या मुदतीत, म्हणजे कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायच्या काळात, निदान दोन पावसाळे यायला हवेत, कारण निचऱ्याची खरी परीक्षा दुसऱ्या पावसाळ्यात होते. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी उद्यानविद्या सहायक, कनिष्ठ अभियंता आणि रहिवासी मिळून बाग फिरा, दोषांची यादी करा, तिघांच्या सह्या घ्या आणि कंत्राटदाराची सुरक्षा ठेव परत करण्याआधी ती यादी फायलीत लागली आहे याची खात्री करा.